चौसष्ट सेंटिमीटरवरची राख

२०२९ सालच्या मे महिन्यात एका उपग्रहाने कुडवाळे गावावरून जाताना छायाचित्र काढलं. पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. पांझरा नदीवरचा बंधारा आटला होता आणि शेतं तपकिरी दिसत होती. जमिनीच्या नोंदी अद्ययावत करणाऱ्या यंत्रणेने ते छायाचित्र वाचलं आणि गावाच्या चारशे दहा एकरांपुढे 'जिरायत' असा शब्द टाकला. जिरायत म्हणजे पावसावरची, वर्षाला एखादं पीक देणारी जमीन. पुढच्या वर्षी पाऊस झाला, बंधारा भरला, पाट वाहू लागला. सातबाऱ्यावरचा तो शब्द बदलून घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नऊ वर्षांनी भूसंपादनाची नोटीस आली, तेव्हा तो शब्द आठवला.

जमीन हवी होती कार्बन साठवणाऱ्या एका महामंडळाला. कारखान्यांच्या धुराड्यांतून पकडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवायचा आणि जमिनीखाली सातशे मीटरवर सोडायचा, अशी ती योजना. खालच्या काळ्या पाषाणातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो, दोनेक वर्षांत वायूचा दगड बनतो आणि तो पुन्हा कधी वर येत नाही. दख्खनच्या पोटात असा पाषाण हवा तेवढा आहे. पण त्यावर विहिरी खणायला सपाट जागा लागते आणि कुडवाळ्याचा फड, म्हणजे बंधाऱ्याखालची सगळी शेती, तळहातासारखा सपाट होता.

योजना चांगली आहे, हे ॲडव्होकेट मंदाकिनी भदाणे कधी नाकारत नसे. तिचं म्हणणं एवढंच होतं, की चार किलोमीटर उत्तरेला बोडका माळ पडला आहे, तिथेही हे होऊ शकतं. नळ लांबून आणावा लागेल, इतकंच. चोपन्न वर्षांच्या मंदाकिनीने सत्तावीस वर्षं हेच काम केलं होतं. महामार्ग, धरण, विमानतळ, सौरप्रकल्प, ज्या ज्या कामासाठी खेड्यातली जमीन घेतली गेली, त्यात शेतकऱ्यांच्या बाजूने ती उभी राहिली होती. बहुतेक खटल्यांत जमीन जायचीच. भांडण उरायचं ते मोबदल्याचं. या वेळी मात्र जमीनच वाचवता येईल, असं तिला पहिल्यांदा वाटत होतं. कायदा स्पष्ट होता. बागायत, दुबार पिकाची जमीन घ्यायची असेल, तर दुसरा कुठलाही पर्याय नाही हे सरकारला सिद्ध करावं लागतं. जिरायतीला ते संरक्षण नव्हतं.

म्हणजे सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की ही जमीन कोरडी नाही आणि कधीही नव्हती.

शिवाय कुडवाळे तिचं माहेर होतं. नंद्र्यांची ती मुलगी. तिचा थोरला भाऊ प्रभाकर नंद्रे फडाच्या पंचांचा प्रमुख होता.

*

फड म्हणजे कुडवाळ्याची शेती करायची जुनी रीत. बंधाऱ्यातून पाट निघतो, उतारानेच वाहतो आणि चार तुकड्यांना पाणी देतो. त्या प्रत्येक तुकड्यालाही फडच म्हणतात. एका तुकड्यात या वर्षी सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू, पुढच्या वर्षी अदलाबदल. कुणी काय पेरायचं हे पंच ठरवतात, आणि कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं हे पाटकरी ठरवतो. पाटकऱ्याच्या शब्दाला पंचही आव्हान देत नाहीत.

सध्याची पाटकरी होती सुपडीबाई मालचे. चौऱ्याहत्तर वर्षांची भिल्ल बाई, अंगाने काटक. आधी तिचा सासरा पाटकरी होता, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर ती.

मंदाकिनीने कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञ डॉ. झरीना तांबोळी यांना बोलावलं. त्या एका जीपमधून आल्या. मागे एक यंत्र होतं आणि मनगटाएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्यांचा जुडगा. पंचांसमोर बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"झाड मेलं, पान कुजलं, तरी त्याच्या पेशींमधला डीएनए लगेच नष्ट होत नाही. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण असतात. हा डीएनए त्यांना घट्ट चिकटतो आणि शेकडो वर्षं टिकतो. म्हणजे ऊस होता की बाजरी, हे माती सांगू शकते."

"पण कधी होता, हे कसं कळणार?" प्रभाकरने विचारलं.

"मातीत वाळूचेही बारीक कण असतात. कण जमिनीत गाडला गेला, की आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा त्याच्यात साठत जाते. ऊन लागलं की ती सगळी निघून जाते. आमचं यंत्र एकेका कणावर प्रकाश टाकतं, तो किती चमकतो ते मोजतं. त्यावरून कळतं की या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं. पूर्वी मूठभर मातीचं मिळून एक वय काढायचे. आता प्रत्येक कणाचं वेगळं वय आणि त्याला चिकटून बसलेला डीएनए, दोन्ही एकत्र वाचता येतात."

"काळी माती उन्हाळ्यात फाटते, डॉक्टरबाई," प्रभाकर म्हणाला. "माझं अख्खं पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती खाली जाते. मग तुमचा हिशेब चुकणार नाही?"

डॉ. तांबोळींना प्रश्न आवडला. "चुकतो. म्हणून जिथे माती कधीच फाटत नाही, अशी जागा हवी."

सगळ्यांनी सुपडीबाईकडे पाहिलं. ती मागे पाटाच्या काठाशी उभी होती. फावडं उचलून ती चालायला लागली. पहिल्या तीन जागा तिने भराभर दाखवल्या. चौथ्या फडात, नंद्र्यांच्या एकतीस एकरांत ती थांबली. पाटाला लागून तिथे एक सखल खळगी होती, बारा महिने ओल धरून असलेली.

"इथं," ती म्हणाली. "इथं गाळ बसतो. इथली माती कधी फाटली नाही."

प्रभाकर दोन पावलं पुढे आला. नळी जमिनीत शिरू लागली.

*

अहवाल तयार व्हायला पाच आठवडे लागले. डॉ. तांबोळी तो घेऊन स्वतः मंदाकिनीच्या कचेरीत आल्या.

"तुमचा मुद्दा सिद्ध झाला," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन फडांत तीनशे दहा वर्षांपासून बागायत आहे. गहू, ऊस, भात, वर्षाला दोन पिकं. दुष्काळाची वर्षंसुद्धा दिसतात, पण ती तेवढ्यापुरती."

मंदाकिनीने फाइलवर तारीख टाकायला पेन उचललं. पण डॉ. तांबोळींनी तेविसावं पान उघडून तिच्यासमोर सरकवलं.

"चौथा फड. चौसष्ट सेंटिमीटरवर राखेचा थर आहे, बोटभर जाडीचा. त्याच्या वर सगळा ऊस. त्याच्या खाली मात्र ऊस नाहीच. नागली, भगर, उडीद. मोहाचा डीएनए भरपूर. शेळ्यांचा. माणसांचाही. गवताच्या छपरांचे जळके धागे आहेत. ही वस्ती होती, ताई. लोक तिथे राहत होते, कसत होते. निदान दोनशे वर्षं. मग एका दिवसात सगळं जळलं आणि पुढच्या हंगामात ऊस लागला."

"कधी?"

"एकोणीसशे छप्पन्न. दोन वर्षं इकडेतिकडे."

मंदाकिनीने पान पुन्हा वाचलं. फडातल्या त्या शेताच्या उसावर ती शिकली होती, वकील झाली होती.

"आग कुणी लावली ते कळतं?"

"नाही. माती काय झालं ते सांगते, कुणी केलं ते सांगत नाही." डॉ. तांबोळींनी पानावर बोट ठेवलं. "तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. हे पान मी काढून देणार नाही."

"मी विचारणार नव्हते," मंदाकिनी म्हणाली. पण क्षणभर तसा विचार आपल्या मनात येऊन गेला, हे तिला माहीत होतं.

तेविसाव्या पानाचा अर्थ तिला शास्त्रज्ञापेक्षा जास्त कळत होता. तीन वर्षांपूर्वी वरच्या न्यायालयाने मातीचं वाचन पुरावा म्हणून मान्य केलं होतं, आणि त्या पुराव्यावर मुदत संपलेले जुने दावेही पुन्हा उघडता येतील, असं म्हटलं होतं. तेव्हापासून राज्यात काहीतरी बदललं होतं. कुठे दोन भावांमधल्या वाटण्या पुन्हा निघाल्या होत्या, कुठे देवस्थानाच्या जमिनीखाली दुसऱ्याच कुणाची शेती सापडली होती. काही गावांनी तर आपल्या वकिलांना स्वच्छ सांगितलं होतं, की खटला हरलो तरी चालेल, ती नळी आमच्या शेतात घालू नका.

*

प्रभाकर कांद्याच्या चाळीत होता. खराब कांदे वेगळे काढत होता. एकसष्टाव्या वर्षीही ते काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. मंदाकिनी शेजारी पोत्यावर बसली आणि तेविसाव्या पानावर काय आहे ते तिने सांगितलं.

"किती खोल म्हणालीस?"

"चौसष्ट सेंटिमीटर."

"एवढंच?" प्रभाकर म्हणाला. "मला वाटलं होतं, बरंच खाली गेलं असेल."

"तुला माहीत होतं, दादा."

"आजोबांनी शेवटच्या आजारात बाबांना सांगितलं. बाबांनी मला. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तू वकील झालीस ना." त्याने हातातला कांदा बाजूला टाकला. "कूळकायदा येत होता. जो कसतो त्याच्या नावावर जमीन होणार होती. मालच्यांची अकरा घरं तिथे कसत होती, आपल्या खापरपणजोबांच्याही आधीपासून. आजोबा दोन माणसं घेऊन गेले. बायका लाकडं आणायला गेल्या होत्या, पुरुष बाजाराला. कुणी मेलं नाही. पण संध्याकाळी माणसं परत आली तेव्हा राहायला घर नव्हतं आणि कागदावर नाव नव्हतं."

"आणि मग त्यातल्याच एकाला पाटकरी ठेवलं. उपकार म्हणून?"

"उपकार कसला? डोळ्यांसमोर राहावा म्हणून."

वहिनी चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे पाहून कप ठेवून परत गेली.

"ते पान द्यायचं नाही, मंदा," प्रभाकर म्हणाला. "बाकीचं सगळं दे. आपण जिंकतोय. एका पानासाठी गावाची जमीन घालवायची का?"

"दुसरी बाजू स्वतःची नळी घालेल. त्यांना ते पान सापडलं आणि आपण लपवलं होतं हे कळलं, तर बाकीच्या अहवालावर कोण विश्वास ठेवेल?"

"नाही सापडलं तर?"

"तरी मी अर्धा अहवाल देणार नाही."

"मी तुझा अशील आहे. मी आत्ता बोललो ते बाहेर जाता कामा नये."

"नाही जाणार. तू सांगितलेलं माझ्या तोंडून मरेपर्यंत निघणार नाही," मंदाकिनी म्हणाली. "पण त्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, दादा."

प्रभाकरने मान वर केली. आई गेली तेव्हा नातेवाइकांनी मंदाकिनीकडून हक्कसोडपत्र करून घ्यायला सांगितलं होतं. प्रभाकरनेच नकार दिला होता. बहिणीचं नाव काढणाऱ्यातला मी नाही, असं त्याने भर बैठकीत सुनावलं होतं.

"त्याचं हे फळ का?" तो हळू म्हणाला.

चहा तसाच ठेवून मंदाकिनी उठली.

*

गावाबाहेर पडताना पाटाच्या काठावर सुपडीबाई भेटली. फावड्याने ती पाटातून एका शेतात पाणी सोडणारं दार बुजवत होती. मंदाकिनीने गाडी थांबवली.

"ताई, नळी काय बोलली?"

"अजून सांगता येत नाही, सुपडीबाई. अहवाल अशिलांचा आहे. त्यांची परवानगी लागते."

"मला नका सांगू. ती काय बोलली असेल ते मला माहीत आहे." सुपडीबाईने मातीचं ढेकूळ दाबून बसवलं. "सासरा रोज त्या खळगीपाशी उभा राहायचा. तिथं त्याची चूल होती. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा मला तिथं नेलं होतं."

"मग इतकी वर्षं कुठे अर्ज का नाही केला?"

"केला होता. नवऱ्याने दोन वेळा केला. कागद आणा म्हणाले. जळालेल्या घरातून कागद कुठून आणायचा?" तिने मंदाकिनीकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी डॉक्टरबाईंना ओल्या जागा आणखीही दाखवता आल्या असत्या. मी तीच दाखवली. आता तुम्ही काय करता ते बघायचंय."

ती तिच्या बोलीत शेवटी एवढंच म्हणाली, "सांगशील तर बठ्ठं सांग." सांगायचं तर सगळं सांग.

*

चार दिवसांनी बासष्ट खातेदार बंधाऱ्यावर जमले. मंदाकिनीने अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवला. तेविसावं पान तिने दोनदा वाचलं.

हिरामण काकुस्ते उठला. त्याची नऊ एकर दुसऱ्या फडात होती. "आज नंद्र्यांच्या शेतात निघालं. उद्या माझ्या शेतात काय निघेल?"

"मला माहीत नाही, हिरामणभाऊ."

"मग आम्ही का हो म्हणायचं?"

"कारण नोटीस तुमच्या हातात आहे. हा पुरावा दिला नाही तर जमीनच राहणार नाही. मग खाली काय आहे याची काळजी महामंडळ करेल." दोघेतिघे हसले. मंदाकिनी हसली नाही. "मी तुम्हाला फसवणार नाही. पूर्ण अहवाल दिला तर जमीन वाचण्याची शक्यता मोठी आहे, पण सगळ्यांची सगळी जमीन वाचेलच असं नाही. काहींना काही सोडावं लागेल. अर्धा अहवाल द्यायचा असेल, तर दुसरा वकील बघा. मी आज वकीलपत्र परत करते."

चर्चा तीन तास चालली. हात वर करायला सांगितलं तेव्हा एक्केचाळीस हात वर झाले. प्रभाकरचा झाला नाही. तो उठून, कुणाकडे न बघता घराकडे निघून गेला.

"अजून एक गोष्ट," मंदाकिनी म्हणाली. "चौथ्या फडाचं पान आमच्या घरच्या जमिनीबद्दल आहे. दादाची संमती नाही. सहहिस्सेदार म्हणून माझी आहे, आणि गरज पडली तर मी तशी साक्षही देईन. पण स्वतःच्या जमिनीबद्दल साक्ष देणारी बाई तुमची वकील राहू शकत नाही. आजपासून तुमचं काम ॲडव्होकेट अस्मिता बहिरम बघतील."

अस्मिता तिच्या कचेरीत अकरा वर्षं काम करत होती. तिच्या हातात फाइल देताना मंदाकिनीला पहिल्यांदा जाणवलं, की सत्तावीस वर्षांत ज्या एका खटल्यासाठी तिने इतकी तयारी केली, तो आता दुसरं कुणी लढणार आहे.

*

नव्या नियमाप्रमाणे भूसंपादन न्यायाधिकरणाची बैठक गावातच होत असे. शाळेच्या सभागृहात टेबलं लावली होती. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश ग्रेसी डाबरे होत्या. महामंडळाच्या बाजूने ॲडव्होकेट सरदेशपांडे, जुने आणि मुरलेले. मंदाकिनी त्यांच्याविरुद्ध अनेकदा उभी राहिली होती. आज ती काळ्या कोटाशिवाय, निळ्या साडीत, गावकऱ्यांच्या रांगेत बसली होती.

सरदेशपांड्यांनी अपेक्षेप्रमाणे काळ्या मातीच्या भेगांचा मुद्दा काढला. अस्मिताने डॉ. तांबोळींना उभं केलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की चारही नमुने न फाटणाऱ्या जागांचे आहेत, आणि प्रत्येक कणाचं वय वेगळं काढल्यामुळे वरून घसरलेला कण कुठला हे लगेच ओळखू येतं. तसे सातशे कण त्यांनी वगळले होते. त्यांची यादी अहवालाला जोडलेली होती. श्रीमती डाबऱ्यांनी ती यादी बराच वेळ चाळली आणि मान डोलावली.

मग सरदेशपांड्यांनी तेविसावं पान उचललं.

"या अहवालाने आमचंच काम केलं आहे. इथे वस्ती होती, ती जळली, आणि नंतर दुसऱ्याच लोकांनी ऊस लावला. म्हणजे आज जे आक्षेप घेत आहेत, त्यांचा इथे मूळ हक्कच नाही. आणि ज्यांचा असेल, त्यांच्याकडे कागद नाही. अशा वादाच्या जमिनीसाठी राष्ट्रीय प्रकल्प अडवायचा का?"

श्रीमती डाबऱ्यांनी मंदाकिनीला पुढे बोलावलं. "आग कुणी लावली, तुम्हाला माहीत आहे?"

"माती ते सांगत नाही. मला जे माहीत आहे, ते मला वकील म्हणून सांगितलं गेलं. ते मी सांगू शकत नाही. तुम्ही त्याचा काय अर्थ लावायचा तो लावा. सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि माझ्या हिश्श्यापुरतं मी म्हणते, की राखेच्या खाली ज्यांची शेती आहे, त्यांची ती जमीन आहे. पण ती त्यांची आहे म्हणून महामंडळाची होत नाही."

मग सुपडीबाईला बोलावलं गेलं. तिने खळगी, चूल, अकरा घरांची नावं, सगळं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही.

"आणि आग?" श्रीमती डाबऱ्यांनी विचारलं. "ती कुणी लावली?"

"मला माहीत आहे," सुपडीबाई म्हणाली. "पण मी सांगितलं तर ते ऐकीव होईल. नवऱ्याचा दुसरा अर्ज ऐकीव म्हणूनच फेटाळला होता. ज्यांनी सांगायला पाहिजे ते इथे बसलेत. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सरदेशपांडे घड्याळाकडे बघत होते. श्रीमती डाबऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मंदाकिनीने मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तिने पाहिलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"प्रभाकर दौलत नंद्रे," आवाज आला. "माझ्या आजोबांनी लावली. कूळकायद्यात जमीन जाऊ नये म्हणून. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं, त्यांना आजोबांनी. लिहून घ्या, मी सही करतो. आणि हेही लिहा, की हे फडातलं भांडण आहे. ते आम्ही फडात मिटवू. त्यासाठी जमीन तुम्हाला द्यायची गरज नाही."

*

निकाल तीन आठवड्यांनी आला. फडाची जमीन बागायत आणि दुबार पिकाची आहे, माळावरचा पर्याय उपलब्ध आहे, म्हणून संपादनाची नोटीस रद्द. चौथ्या फडातल्या एकतीस एकरांपैकी मालच्यांच्या वंशजांचा हिस्सा नक्की करण्यासाठी मोजणी करावी, असंही त्यात म्हटलं होतं. प्रभाकरने त्याला हरकत घेतली नाही.

त्याने मंदाकिनीशी बोलणं मात्र सोडलं. तिने तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा वहिनीने उचलला आणि ते शेतात आहेत असं सांगितलं. गावातले काही जण तिला भेटले की आदराने बोलायचे, काही जण रस्ता बदलायचे. हिरामण काकुस्ते एकदा कचेरीत येऊन बराच वेळ बसला आणि शेवटी आपल्या शेतात नळी घालून घेता येईल का, असं विचारून गेला. शेजारच्या दोन तालुक्यांतून बोलावणी आली. एका गावाने आधीच बजावलं, की आम्हाला काय सापडेल ते माहीत आहे, तरी या.

मोजणीच्या दिवशी मंदाकिनी सहहिस्सेदार म्हणून हजर होती. भूकरमापकाच्या हातात उपग्रहाशी जोडलेली काठी होती. ती जमिनीवर टेकवली की सेंटिमीटरपर्यंत जागा कळत होती. पण काठीला जुनी हद्द माहीत नव्हती. अहवालाने खळगीची जागा सांगितली होती. वस्तीची शेती तिथून किती दूरपर्यंत होती, हे मातीलाही चार नमुन्यांत सांगता आलं नव्हतं. ते माहीत असलेली दोनच माणसं गावात उरली होती. एकीने ते सासऱ्याकडून ऐकलं होतं, दुसऱ्याने वडिलांकडून.

सुपडीबाई पुढे चालत होती. तिच्या मागे दहा पावलांवर प्रभाकर. चिंचेच्या झाडापाशी सुपडीबाई थांबली.

"इथवर," ती भूकरमापकाला म्हणाली. "सासरा चिंचेपर्यंत म्हणायचा."

भूकरमापकाने काठी टेकवली आणि वही मंदाकिनीपुढे धरली. सहहिस्सेदाराने हद्द स्वतः लिहून सही करायची होती. तिने पेन काढलं.

"थांब," प्रभाकर म्हणाला. महिनाभरात तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. तो चिंचेच्या पुढे गेला, सव्वाशे पावलं, ओढ्याच्या काठापर्यंत, आणि तिथे उभा राहून त्याने मागे पाहिलं.

"चिंच नंतर लावली," तो ओरडून म्हणाला. "बाबांनी. तुझ्या सासऱ्याला ओढ्यापर्यंत सांगायची भीती वाटली असेल. मंदा, लिही. ओढ्यापर्यंत."

मंदाकिनीने लिहिलं.